खड्डा आधी मोठा करावा लागतो

डांबरी रस्त्यावरचा खड्डा बुजवायचा असेल तर आधी तो मोठा करावा लागतो, ही गोष्ट मला कोणत्याही वर्गात कळली नाही. ती मला एका मुकादमाने शिकवली, आणि मला ती पटेपर्यंत एका दूधवाल्याच्या खांद्याचे हाड मोडले होते. त्याला आता जवळजवळ चाळीस वर्षे होत आली. रस्त्याच्या कामातून निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, तरी पाण्याने भरलेला खड्डा दिसला की मला ती सकाळ आठवते आणि पाय आपोआप थांबतात.

१९८७ च्या पावसाळ्यात घाटमाथ्याजवळच्या एका उपविभागात मी शाखा अभियंता म्हणून नुकताच रुजू झालो होतो. माझ्याकडच्या रस्त्याची निगा राखणाऱ्या गँगचे मुकादम पन्नाशी ओलांडलेले होते. मैलकुली, म्हणजे रस्त्याची रोजची निगा राखणारा मजूर, म्हणून कामाला लागून ते मुकादम झाले होते. सगळी माणसे त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही तात्याच म्हणू लागलो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका वळणावर घमेल्याएवढा खड्डा पडला. वरिष्ठांचा दौरा ठरला होता आणि तो खड्डा मला डोळ्यांसमोर नको होता. मी तात्यांना सांगितले, की दोन ट्रॉली मुरूम आणा, खाली थोडे डबर टाका आणि आजच्या आज बुजवून घ्या. तात्या म्हणाले, "साहेब, पाण्यात भरलेला खड्डा म्हंजी उसना भरलेला खड्डा. चार दिसांत त्यो परत मागायला येतोय." मी ऐकले नाही. पाऊस चालू असताना खड्ड्यातले पाणी फावड्याने उपसून आम्ही मुरूम भरला, वरून ट्रॅक्टर फिरवला, आणि दौऱ्याच्या दिवशी रस्ता दिसायला ठीक होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे दूध घालायला निघालेला एक तरुण त्या वळणावर पडला. मुरमातली माती पाण्याबरोबर वाहून गेली होती, खालचे डबर सुटे होऊन रस्त्यावर पसरले होते आणि मूळचा घमेल्याएवढा खड्डा पाटाएवढा झाला होता. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. रस्त्याचा साहेब आला आहे हे कळल्यावरही त्याच्या आईने मला चहा दिला. तो चहा पिताना मला काय वाटले ते मी कधी नीट सांगू शकलो नाही. परत आल्यावर मी तात्यांना एवढेच म्हणालो, की पुढचा खड्डा तुमच्या पद्धतीने भरू. ते म्हणाले, "मग दसऱ्यापतोर थांबा."

दसऱ्यापर्यंत का थांबायचे, हे समजण्यासाठी खड्डा पडतो कसा हे पाहावे लागते. डांबरी रस्ता वरून एकसंध काळा दिसला तरी तो थराथरांचा असतो. तळाशी मूळ जमीन, तिच्यावर पाण्याचा निचरा करणारा मुरमाचा किंवा जाड भरड खडीचा थर, त्यावर दाबून बसवलेली खडी, आणि सर्वांत वर डांबरात घोळलेल्या खडीचे एकदोन थर अशी ती रचना असते. वरचा डांबरी थर भार तर पेलतोच, पण त्याशिवाय तो छपराचे काम करतो, कारण खालचे थर कोरडे आहेत तोवरच त्यांच्यात ताकद असते. उन्हाने आणि हवेने डांबर म्हातारे होते, त्यातला तेलकट अंश कमी होतो आणि ते ठिसूळ बनते. मग चाकांच्या भाराखाली रस्ता दिवसातून हजारो वेळा किंचित वाकतो तेव्हा त्याला बारीक भेगा पडतात. त्या भेगा एकमेकींना मिळाल्या, की मगरीच्या पाठीवरच्या खवल्यांसारखी जाळी दिसू लागते.

त्या जाळीतून पाणी शिरते आणि खरे नुकसान तिथून सुरू होते. दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. आपल्याकडचा काळा पाषाण डांबराला तुलनेने चांगला धरून ठेवतो, परंतु खडी धुळीने माखलेली असली किंवा पाणी दिवसेंदिवस आत मुरत राहिले, तर त्याच्यावरचेही डांबराचे वेष्टण सुटू लागते. त्यातच वरून ट्रकचे चाक गेले की अडकलेल्या पाण्याला वाट उरत नाही. ते दाबाने खालच्या थरातली बारीक माती घेऊन भेगेतून वर उसळते. भेगांच्या कडेने तांबूस किंवा पांढुरके मातीचे ओघळ सुकलेले दिसले तर समजावे, की खालून रस्ता पोकळ होऊ लागला आहे. तात्या त्याला "रस्ता ओकतोय" म्हणत, आणि त्याहून नेमका शब्द मला पुढे कोणत्याही तांत्रिक पुस्तकात सापडला नाही. शेवटी एक खवला निखळतो, त्या जागी पाणी साचते, प्रत्येक चाक कडेवर आपटते आणि खड्डा वाढत जातो.

म्हणजे आपल्याला जो खड्डा दिसतो तो फक्त निखळून गेलेला भाग असतो. त्याच्याभोवतीचा हात-दीड हात रस्ता वरून शाबूत दिसला तरी खालून सुटलेला असतो, आणि तेवढाच दिसणारा खड्डा भरला तर नवा माल त्या आजारी कडांना टेकून बसतो. पुढच्या पावसात कडा ढासळतात व भरलेले ठिगळ मधोमध एखाद्या बेटासारखे उरते. अशी बेटे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडून रस्त्याला आठवडाभर कडक ऊन मिळाल्यावर, तात्यांनी मला त्याच वळणावर नेले. त्यांनी पहार उभी धरली आणि खड्ड्याच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला वीतभर अंतराने रस्ता ठोकत निघाले. खड्ड्याजवळ आवाज बद्द येत होता. दीड हात बाहेर गेल्यावर तो खणखणीत आला. तिथे त्यांनी चुन्याची खूण केली, चारही बाजूंनी तसेच केले आणि खुणा दोरीने जोडून एक चौकोन आखला. चौकोनाच्या आतला रस्ता त्यातल्या चांगल्या दिसणाऱ्या भागासकट टिकावाने खणून काढायला सांगितला तेव्हा मी चरकलो, कारण मूळच्या खड्ड्याच्या कितीतरी पट जागा आम्ही उकरून टाकत होतो. त्यांचा आग्रह होता, की कड सरळ उभी हवी, ताटलीसारखी उतरती नको. त्याचे कारण त्यांनी खडी हातात घेऊन दाखवले. कड उतरती ठेवली तर टोकाला मालाची जाडी बोटाच्या पेरापेक्षाही कमी होते, आणि तेवढ्या जाडीत खडीचा दाणाच मावत नाही. तो चाकाखाली एक तर फुटतो किंवा उडून जातो. उभ्या कडेला मात्र पूर्ण जाडीचा माल पाठ टेकून बसतो.

तळ लागेपर्यंत खणल्यावर ओली माती दिसली. ती काढून, तळाला खडी घालून, धुम्मसाने ठोकून घेतली. मग खराटा फिरवला. त्यानंतर गोणपाटाने कडा पुसल्या. तात्यांनी उभ्या कडेवर तळहात दाबला, उलटा करून पाहिला, धुळीचा ठसा दिसला म्हणून पुन्हा पुसायला सांगितले. असे तीनदा झाले. त्या दिवशी मला ते अतिरेकी वाटले होते. पण डांबर धुळीला चिकटले तर ते धुळीलाच चिकटते, रस्त्याला नव्हे, आणि धूळ कुठेच धरलेली नसते. तळहाताचा तो उलटा ठसा हीच त्या कामाची सर्वांत महत्त्वाची तपासणी होती, आणि तिला कोणतेही उपकरण लागत नव्हते.

पिंपातले डांबर लाकडांच्या जाळावर तापत होते. तेव्हा आमच्याकडे तापमापी कागदावर होती, कामावर नव्हती. तात्या धुरावरून ओळखत. निळसर धूर निघू लागला तर डांबर करपले, म्हणजे तेलकट अंश जळून ते पहिल्याच दिवशी म्हातारे झाले असे समजायचे. झारीने कडांवर आणि तळावर डांबराचा पातळ हात मारला. तो इतका पातळ, की जागा काळी दिसावी पण कुठे थारोळे साचू नये. हल्ली या कामासाठी इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले पातळ डांबर, वापरतात आणि जुन्या डांबरी पृष्ठभागासाठी त्याचे प्रमाण चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम इतके थोडे असते. लोकांना वाटते, की जास्त ओतले तर जास्त चिकटेल. जास्त ओतले तर नवा माल त्याच्यावर घसरतो आणि उन्हाळ्यात ते वर येऊन रस्ता तुळतुळीत होतो.

पत्र्यावर कालवलेला गरम माल चौकोनात भरताना तो रस्त्याच्या पातळीपेक्षा स्पष्ट उंच ठेवला, कारण सुटा माल दाबल्यावर साधारण चतुर्थांशाने बसतो. खड्डा खोल होता म्हणून दोन थरांत भरला आणि प्रत्येक थर वेगळा दाबला. रोलर आधी कडांवरून, मग मध्यावरून. दाबण्याचे काम माल गरम असतानाच व्हावे लागते. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या खाली गेले की डांबर घट्ट होते आणि रोलर कितीही फिरवला तरी दाणे जवळ येत नाहीत. आतल्या पोकळीचे प्रमाण सात-आठ टक्क्यांहून अधिक राहिले, तर त्या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन पाण्याला वाट मिळते, आणि जे पाणी बाहेर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पहिल्या पावसात आत येते. शेवटी कडेच्या सांध्यावर डांबराची रेघ ओढून वर बारीक कच पसरली. तयार झालेले ठिगळ रस्त्यापेक्षा दोनतीन मिलिमीटर उंच होते. वाहतूक ते बसवील, असे तात्या म्हणाले, आणि तसेच झाले.

काम संपले असे समजून मी निघालो तेव्हा ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले होते. साइडपट्टीवर गवत माजून ती रस्त्यापेक्षा उंच झाली होती आणि पलीकडची चर मातीने भरून गेली होती. वळणावर पडलेले पाणी रस्त्यावरून उतरायला जागाच नव्हती. "खड्डा हितं पडला न्हाई साहेब," त्यांनी चरीकडे बोट दाखवले, "तितं पडलाय." पुढचे दोन दिवस त्यांची माणसे चर उपसत होती आणि साइडपट्टी तासून तिला उतार देत होती. त्या कामाची मोजमाप पुस्तिकेत नोंद करताना मला जाणवले, की खड्ड्याच्या कामापेक्षा चरीच्या कामाला अधिक मजूर लागले आहेत.

स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगत होता. वाहनांचा भार अखेरीस मूळ जमीनच पेलते, ती कोरडी ठेवली तर ती कितीही वजन पेलेल, म्हणून तिच्यावर पाणी न झिरपणारे छप्पर घाला आणि तिला उंच ठेवा, हे त्याच्या विचाराचे सार होते. आपल्या देशात या शास्त्राला संस्थात्मक पाया मिळाला तो एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर, ज्यांचे नाव पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आपण घेतो, ते १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते. पेट्रोलवर अधिभार लावून केंद्रीय रस्ते निधी उभारणे आणि १९३४ साली भारतीय रस्ते काँग्रेस (इंडियन रोड्स काँग्रेस) या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेची स्थापना होणे ही त्या समितीच्या अहवालाची फळे आहेत. आज डांबरी रस्त्याच्या देखभालीसाठी याच रस्ते काँग्रेसची संहिता प्रमाण मानली जाते. चौकोनी कापा, कडा उभ्या ठेवा, स्वच्छ व कोरडे करा, चिकट थर द्या, थराथरांनी भरा, दाबा, कडा बंद करा, असा जो क्रम आज छापील स्वरूपात हाती येतो तोच क्रम तात्यांच्या हातात होता. ज्ञान कमी आहे म्हणून आपले रस्ते फुटत नाहीत.

भार वाढला आहे, हे मात्र खरे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जे मोठे प्रयोग झाले, त्यांतून असे दिसले, की आसाचे वजन वाढले तर रस्त्याचे नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट तर नुकसान सोळापट. २०१८ साली आपल्याकडे चार चाकांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. वजनातली ही वाढ पावणेतेरा टक्क्यांची आहे, पण चौथ्या घाताचा हिशेब केला तर रस्त्यावरचा आघात सुमारे बासष्ट टक्क्यांनी वाढतो. साखरपट्ट्यातल्या रस्त्यांवर उसाच्या भरलेल्या गाड्या हंगामभर धावतात, तेव्हा पडलेल्या भेगा एप्रिल-मेमध्ये कोणाच्या लक्षात येत नाहीत, आणि जूनमध्ये पाणी त्या शोधून काढते. शहरात याच्या जोडीला खोदकाम येते. जलवाहिनी, केबल, गॅस यांसाठी खणलेली चर नीट न दाबता बुजवली, की तिच्यावर टाकलेले डांबर पहिल्याच पावसात खाली बसते.

या सगळ्यावर उपाय करण्याची आपली वेळही उलटी आहे. खड्ड्यांची चर्चा पावसाळ्यात सुरू होते आणि गणपतीपूर्वी खड्डे बुजवण्याची मुदत दिली जाते. कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना गणपतीत चांगला रस्ता मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु भाद्रपदातला रस्ता पाण्याने तुडुंब असतो, हॉटमिक्सचे, म्हणजे गरम डांबरी माल तयार करण्याचे, प्लांट पावसामुळे बंद असतात, आणि अशा वेळी जे करता येते ते तात्पुरतेच असते. पिशवीतून येणारे थंड मिश्रण अशा दिवसांसाठीच आहे; पाणी काढून, सुटी खडी झाडून, ते भरून नीट ठोकले तर दिवाळीपर्यंत माणसाचा जीव वाचवण्याचे काम ते चोख करते. त्याला तात्पुरते समजून ऑक्टोबरमध्ये पुन्हा त्याच जागी येणे हा त्या कामाचाच अर्धा भाग आहे, आणि तो बहुतेक वेळा राहून जातो. डांबरी रस्त्यातल्या खड्ड्यात पेव्हर ब्लॉक बसवलेले दिसतात तेव्हा मात्र मला राग येतो, कारण त्यांच्या सांध्यांतून पाणी सरळ खाली जाते आणि काही दिवसांतच एकेक ठोकळा हलून दुचाकीच्या चाकाखाली येतो.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची गोष्ट पुण्यातल्या पोरासोरांनाही पाठ आहे: १९७६ साली रेकॉन्डो या कंपनीने तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि पुढे कित्येक दशके तो खड्ड्यांवाचून राहिला. आपण ती चमत्कारासारखी सांगतो. माझ्या दृष्टीने ती चमत्काराची गोष्ट नाही, कारण त्यात वापरलेले डांबर, खडी आणि रोलर यांपैकी काहीही त्या काळी इतरांना अप्राप्य नव्हते.

दुसऱ्या टोकाला मुंबईचे दादाराव बिल्होरे आहेत. २०१५ च्या जुलैमध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी आदळून त्यांचा १६ वर्षांचा मुलगा गेला, आणि त्यानंतर हा भाजी विकणारा माणूस स्वतःच्या हातांनी शहरातले खड्डे भरत फिरू लागला. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेशही दिला आहे. तो आदेश मी वाचला तेव्हा मला त्या दूधवाल्याच्या घरचा चहा आठवला. त्याला तेव्हा कोणी काही दिले नव्हते, आणि त्याने मागितलेही नव्हते.

माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान रस्त्यावरचा मैलकुली गेल्याने झाले आहे. त्याच्याकडे ठरावीक लांबीचा रस्ता असे आणि तो रोज तेवढाच चालत जाई. कालची भेग आज किती वाढली हे त्याला ठाऊक असे, कारण कालही तोच तिथे होता. भेग दिसली की तिच्यात डांबर ओतून वर कच टाकायची, चरीत दगड पडला की काढायचा, एवढे साधे काम होते ते. त्या जागा पुढे भरल्या गेल्या नाहीत आणि देखभाल निविदेतून होऊ लागली. निविदेत खड्ड्याचे क्षेत्रफळ मोजता येते. पडू न दिलेला खड्डा कोणत्या मोजमाप पुस्तिकेत लिहायचा?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी खड्डे भरायला माणसे आली. मी उभा राहून पाहत होतो. त्यांच्याकडे कापण्याचे यंत्र होते, चौकोन सुरेख सरळ कापला गेला, कॉम्प्रेसरने धूळ उडवली, सगळे उत्तम चालले होते. एका पोराने इमल्शन फवारले. ते फवारताना तपकिरी, चॉकलेटी रंगाचे असते, त्यातले पाणी निघून गेले की ते काळे होते, आणि काळे झाल्यावरच त्यावर माल टाकायचा असतो. ते अजून तपकिरीच असताना डंपर मागे येऊ लागला. मी पुढे होऊन देखरेख करणाऱ्या तरुणाला म्हटले, की दहा मिनिटे थांबा, ते काळे होऊ द्या. त्याने माझ्याकडे पाहिले, खाली वाकून पाहिले आणि डंपरला हात केला. "काका, तुम्ही रस्त्याचे काम करायचात का?" त्याने विचारले. मी हो म्हणालो. आम्ही दोघे तिथेच उभे राहिलो आणि रंग कडेकडेने बदलत मध्यापर्यंत काळा झाला, तेव्हा त्याने माल टाकायला सांगितले.

रोलर फिरून झाल्यावर मी त्याला चार पावलांवरची गटाराची जाळी दाखवली. पाने, पिशव्या आणि माती यांनी ती गच्च भरली होती आणि तिच्यापाशी रात्रीच्या सरीचे पाणी अजून साचून होते. तो म्हणाला, "ते काम दुसऱ्या टेंडरमध्ये आहे, काका. आम्हाला त्याचे पैसे नाहीत." त्याचे म्हणणे खरे होते आणि मी त्यावर काही बोललो नाही. मग इमल्शन फवारणारा तो पोरगा गाडीतून पहार घेऊन आला. जाळी जड होती, ती उचलायला मीही हात लावला. त्याने आत पहार घालून दोनतीनदा ढोसले तेव्हा आधी बुडबुडे आले, मग पाणी स्वतःभोवती फिरू लागले आणि घळघळ आवाज करत खाली गेले. नव्या ठिगळाच्या कडेची ओली पट्टी आमच्या डोळ्यांदेखत सुकत गेली.